पाककृतींतले खोटे घड्याळ

पाकशास्त्रावरील पुस्तकांत आणि नियतकालिकांच्या पाककृतींच्या पानांवर ‘झटपट’ या विशेषणाचा जो सुकाळ झाला आहे, तो पाहून आम्हांस प्रथम कौतुक वाटले, मग संशय आला, आणि आता उघड उघड राग येतो. इंग्रजी पाकपुस्तकांत तर या विशेषणाचा एक विशेष लाडका पदार्थ आहे. तो म्हणजे चिनी पद्धतीने भाज्यांबरोबर परतलेले गोमांस. दिवसभर काम करून घरी यावे, कढई चुलीवर ठेवावी, आणि पंधरा नाही तर वीस मिनिटांत सारे कुटुंब जेवावयास बसावे, असे आश्वासन मथळ्यातच दिलेले असते. हे आश्वासन खोटे आहे असे आमचे म्हणणे आहे. आणि ते ज्या प्रकारे खोटे आहे तो प्रकार क्षम्य नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी हे मांस शिजत नाही हे आम्ही जाणतो. शिवाय १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या हत्येसही मनाई आहे. तेव्हा हा पदार्थ कोणी खावा वा न खावा हा आमचा विषय नव्हे. खुद्द चीनमध्येही नांगराचा बैल मारण्यास अनेक राजवटींनी बंदी घातली होती, आणि अठराव्या शतकातील प्रसिद्ध रसिक युआन मेइ याने आपल्या पाकग्रंथात गाय, मेंढा व हरीण यांचे मांस दक्षिणेकडील घरांत नित्याचे नव्हे असे नमूद केले आहे. ज्यांना मांस वर्ज्य आहे त्यांनी पुढील विवेचनात पनीर किंवा नुसती फरसबी कल्पावी; आमच्या मुद्द्यास बाध येत नाही.

आता आमचा अनुभव. काही वर्षांपूर्वी अध्यापनाच्या निमित्ताने परदेशी काही महिने सहकुटुंब राहण्याचा योग आला असता, अशाच एका ‘वीस मिनिटांच्या’ कृतीवर विश्वास ठेवून आम्ही स्वतः पदर खोचला. (ही उपमा आमच्या पोशाखास लागू नाही, परंतु दुसरी सुचत नाही.) अर्धा किलो मांस, तीन ढोबळ्या मिरच्या, दोन गाजरे, ब्रोकोलीचा एक गड्डा, आले, लसूण, पातीचा कांदा. घड्याळ समोर ठेवले. कढई चुलीवर चढली तेव्हा पंचावन्न मिनिटे उलटली होती. कढईत सारे मांस एकदम लोटले. क्षणभर चुर्र असा आशादायक आवाज झाला, मग तो मालवला, आणि राखी रंगाचे तुकडे स्वतःच्याच पाण्यात पोहू लागले. ते पाणी आटविण्याच्या खटपटीत भाज्या लगदा झाल्या व मांस चिवट झाले. आमची पत्नी हा सारा वेळ शांतपणे पाहत होती. जेवताना ती एवढेच म्हणाली, “त्यांनी चिरायचा वेळ धरलाच नाही. आमचाही कुणी कधी धरत नाही.”

त्या पुस्तकाकडे पुन्हा वळलो, तेव्हा कपट नेमके कोठे आहे ते दिसले. ते व्याकरणात आहे. कृतीच्या पायऱ्यांत चिरण्याचा उल्लेखच नव्हता. तो वर, साहित्याच्या यादीत दडलेला होता. ‘पातळ कापलेले मांस’, ‘सोलून काड्या केलेली गाजरे’, ‘बारीक चिरलेले आले’. जणू काही गाजरे शेतातूनच काड्यांच्या रूपाने उगवतात! ‘चिरलेला’, ‘सोललेला’, ‘किसलेला’ यांना वैयाकरण धातुसाधित विशेषणे म्हणतात. स्वयंपाकघरात त्यांना पाऊण तास म्हणतात. क्रियेचे विशेषण केले की कर्ता नाहीसा होतो, आणि कर्ता नाहीसा झाला की त्याच्या, म्हणजे बहुधा तिच्या, वेळेचा हिशेब देण्याची जबाबदारी उरत नाही. आमच्या मराठी पाकपुस्तकांनीही हीच रीत बिनतक्रार उचलली आहे. ‘बारीक चिरलेला कांदा २ वाट्या’ असे लिहिणाऱ्या लेखणीला कांदा कधी डोळ्यांत गेला नसावा.

या पदार्थाच्या बाबतीत हा अपराध दुप्पट आहे, कारण येथे चिरणे ही तयारी नसून हाच मुळी स्वयंपाक आहे. इंग्रजी भाषेला ‘स्टर-फ्राय’ हा शब्द ज्या पुस्तकाने दिला ते बूवेइ यांग चाव या चिनी विदुषीचे पाकपुस्तक न्यूयॉर्क येथे १९४५ साली प्रसिद्ध झाले. ही बाई शिक्षणाने डॉक्टर. तिचा पती युएन रेन चाव हा भाषाशास्त्रज्ञ. मुलगी आणि पती यांनी मिळून तिच्या लिखाणाला इंग्रजी रूप दिले. ‘छाव’ या एकाक्षरी चिनी क्रियापदाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही असे सांगून तिने त्याची जी लांबलचक व्याख्या केली तीत मोठी आच, थोडे तेल आणि अखंड हालविणे यांबरोबरच जिन्नस कापलेले असावेत ही अट स्पष्ट आहे. पण जोडशब्द बनला तो केवळ हालविणे आणि तळणे या दोहोंचा. आच गेली, सुरी गेली. आणि त्या गाळलेल्या सुरीवर पुढच्या लेखकांनी आपली वीस मिनिटे उभी केली. आमचा ‘परतणे’ हा शब्दही काही अधिक प्रामाणिक नाही, परंतु निदान आमच्याकडे ‘निवडणे-चिरणे’ हे स्वतंत्र काम म्हणून ओळखले तरी जाते, आणि सकाळच्या प्रहरी त्यासाठी विळीवर बसणारे माणूस घरातल्या सर्वांना दिसत असे.

चिनी परंपरेने सुरीला किती मान दिला आहे पाहा. कन्फ्यूशिअसच्या आहारविषयक सवयींत, नीट न कापलेले मांस तो खात नसे, ही एक सांगितलेली आहे. च्वांगझीच्या ग्रंथात डिंग नावाचा आचारी राजापुढे बैल कापतो ती कथा तर जगप्रसिद्ध आहे: सामान्य आचाऱ्याला दरमहा नवी सुरी लागते, चांगल्याला दरवर्षी, डिंगची एकोणीस वर्षे चालली, कारण तो हाडावर घाव न घालता सांध्यांतील मोकळ्या जागेतून पाते नेतो. त्या कथेतही चुलीचे नाव नाही!

कारणही सरळ आहे. मांसाचे तंतू एका दिशेने धावतात. त्यांना आडवे छेदून कापले तर तंतू आखूड होतात आणि तुकडा दातांखाली सहज तुटतो. तंतूंच्या दिशेनेच कापले तर तेच मांस दोरीसारखे लागते. कापही पातळ हवेत, जेणेकरून एका मिनिटात आच आतपर्यंत पोचावी. मऊ मांस पातळ कापणे अवघड म्हणून ते आधी बर्फाच्या कप्प्यात ठेवून थोडे घट्ट करून घ्यावे लागते. मग सोयाबीनचा आंबवलेला रस, तांदळाची दारू व थोडे मक्याचे पीठ चोळून ते मुरत ठेवायचे. हा सारा वेळ ‘झटपट’च्या घड्याळात कोठे आहे?

दुसरे असत्य आचेसंबंधी. पाण्याचा अंश आहे तोवर कढईतील जिन्नसाचे उष्णतामान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि मांसाला जो तांबूस रंग व खमंगपणा येतो, ज्या क्रियेला १९१२ साली तिचे वर्णन करणाऱ्या माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे, ती क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने चालते. कँटनच्या आचाऱ्याची भट्टी घरगुती शेगडीच्या कैक पट प्रखर असते. तिच्यावर सुटलेले पाणी सुटताक्षणीच उडून जाते. घरच्या शेगडीवर अर्धा किलो मांस एकदम घालणे म्हणजे ते परतणे नव्हे, उकडणे होय. युआन मेइने १७९२ सालच्या आपल्या ग्रंथात परतण्यासाठी मांस अर्ध्या कॅटीहून अधिक घेऊ नये, नाहीतर आच आत शिरत नाही, असे बजावून ठेवले आहे. अर्धी कॅटी म्हणजे आपले सुमारे तीनशे ग्रॅम. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे ठाऊक होते ते आजच्या पुस्तकात ‘चौघांसाठी’ या शब्दाखाली गाडले जाते.

आमच्यावर असा आक्षेप येईल की, खरा वेळ सांगितला तर नोकरी करणारी माणसे स्वयंपाकाला हात लावणार नाहीत. हा युक्तिवाद आम्हांस लहान मुलाला ‘औषध कडू नाही’ असे सांगण्याच्या जातीचा वाटतो. एक चमचा जातो, दुसऱ्या वेळी तोंड उघडत नाही. वीस मिनिटांवर विसंबून जी व्यक्ती सत्तर मिनिटे राबते ती पुस्तकाला दोष देत नाही, स्वतःला मंद समजते. ही हानी आम्हांस चिवट मांसाहून मोठी वाटते. दुसरा आक्षेप असा की, दुकानात चिरलेल्या भाज्या आणि कापलेले मांस मिळते. मिळते खरे, जरूर घ्यावे. पण मग तेथे सुरी चालविणाऱ्या कोणाचा तरी वेळ आपण पैसे देऊन घेतला, एवढे तरी कबूल करावे. आणि घरी जिचा घेतो तिला ते पैसेही मिळत नाहीत.

पंधरा दिवसांनी आम्ही तो पदार्थ पुन्हा केला. सुरीला धार लावून आणली. पत्नी एका पाटावर मांस कापीत होती, दुसऱ्यावर आम्ही गाजरे. आमच्या काड्या तिने दोनदा परत केल्या. चाळीस मिनिटे लागली. मग कढई धूर येईतो तापवून मांस दोन हप्त्यांत परतले व बाजूला काढले, भाज्या कठीण आधी आणि कोवळ्या मागून अशा घातल्या, शेवटी मांस पुन्हा त्यात मिसळले. चुलीवरचे सारे काम सात मिनिटांत उरकले. गाजरांच्या काड्या मात्र अजून जाडच होत्या.