कालवा येईल तेव्हा येईल, आधी बंधाऱ्याला पाट्या लावा!

राजेहो, सिंचनाचं भाषण सुरू झालं की आकडा हजार कोटींच्या खाली येतच नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा खर्च ३७२ कोटी होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. आता वैनगंगा-नळगंगाचा ४२६ किलोमीटरचा कालवा दाखवताहेत. होऊ द्या. पण तोवर हिंगणा तालुक्यातल्या दोन एकरवाल्याने काय करायचं?

त्याला बारमाही पाणी नको, वेळेवर एक-दोन पाणी पाहिजे. कपाशीला बोंडं धरायच्या वेळी पाऊस दडी मारतो. तेव्हा एक ओलीत झालं तर पीक वाचतं, पुढे हरभऱ्याचीही सोय होते. नाही तर माणूस रब्बीत एमआयडीसीच्या गेटवर रोजंदारीला उभा.

"शेततळं घ्या ना!" म्हणतात. हिशोब करा. ३० बाय ३० मीटरचं तळं बांधासकट पाव एकर खातं. दहा एकरवाल्याला ते झेपतं, दोन एकरवाल्याची आठवा हिस्सा जमीन जाते. लहान तळं घेतलं तर पाणीही तेवढंच कमी.

नाल्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात शेताची जमीन जात नाही. पाणी नाल्यातच अडतं, दोन्ही काठच्या विहिरींना झिरपा मिळतो. पण त्याला एक अट आहे. पावसाळ्यात पाट्या काढायच्या, म्हणजे पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस सरताना लगेच लावायच्या. महिनाभर उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि पाट्याच चोरीला गेल्या, गंजल्या, रबर फाटलं, तर तो बंधारा नाही, नुसते खांब!

नव्या बंधाऱ्याला नारळ फुटतो, फलक लागतो. रबर बदलल्याचा फलक कोणी लावते का? जलयुक्त शिवारवर ९ हजार ६०० कोटींवर खर्च झाला, तरी भूजल पातळीवर फारसा परिणाम दिसला नाही, हे २०२० मध्ये कॅगनेच सांगितलं. नुसतं बांधून पाणी थांबत नसते, भाऊ.

१०० हेक्टरपर्यंतची सिंचनाची कामं जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणून येत्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा: आपल्या बंधाऱ्याच्या पाट्या किती आणि कुठे आहेत? त्या कोणत्या तारखेला लागणार? लावणार कोण? उत्तर ठरावात लिहून घ्या.

मत मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. कालव्याचा नकाशा नंतर पाहू.