लॉगआउटचं बटण आणि सलाइनचा स्टँड

“गेममध्ये मेलेला माणूस घरी वेळेवर जेवायला येतो.” एवढं टाळीचं वाक्य फेकून आमच्या ॲनिमेवेड्या मित्रमंडळातल्या एका विद्वानांनी परवा ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या मालिकेवरचा वाद निकालात काढला. त्यांची कलमं तीन. गेममध्ये मेलेल्या खेळाडूचा मायक्रोवेव्हनं मेंदू भाजणारं नर्व्हगिअर हे हेल्मेट ही लेखकाची कल्पना. गेममध्ये असतात ती नुसती चित्रं, आणि चित्रं चावत नाहीत. शिवाय कथेत गायब झालेलं लॉगआउटचं बटण आपल्याकडे आहे. सबब गेमच्या जगापासून खऱ्या माणसाला धोका शून्य. इति सिद्धम्!

पहिलं कलम मान्य, पण हौसेला मोल नसतं. कथेत तो जीवघेणा गेम ६ नोव्हेंबर २०२२ला सुरू होतो. नेमका तोच दिवस साधून ऑक्युलसचे संस्थापक पामर लकी यांनी, गेममध्ये हरताच स्फोट होईल असा हेडसेट बनवल्याचं जाहीर केलं. तो डोक्यावर चढवायची छाती मात्र त्यांनाही झाली नाही.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. हे गृहस्थ सगळी मालिका त्या हेल्मेटकडे बघत बसले आणि हेल्मेटखालचा माणूस त्यांना दिसलाच नाही. कथेत दहा हजार खेळाडू अडकतात, सुमारे चार हजार मरतात. सगळी चर्चा या मेलेल्यांची. जे जगले त्यांचं काय? कथेचा नायक किरितो गेममधल्या ऐनक्रॅड किल्ल्याच्या चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर दोन्ही हातांत तलवारी घेऊन राक्षस कापतो, तेव्हा त्याचं शरीर इस्पितळातल्या खाटेवर नळ्यांच्या आधारानं पडून असतं. त्याला कुणीतरी पुसतं, कूस बदलून देतं. दोन वर्षांनी तो जागा होतो तेव्हा केस वाढलेले, हातापायांच्या काड्या झालेल्या. ऐनक्रॅडचा तो शूर योद्धा सलाइनच्या स्टँडला धरून पाय ओढत व्हरांड्यात येतो. त्याला मायक्रोवेव्हनं शिवलेलंही नाही! त्याचं शरीर झिजलं ते तो तिथे नव्हता म्हणून. आपल्याकडे रात्रभर रँक वाढवणाऱ्या पोराची खाट घरातच असते, आणि ताट झाकून ठेवणारी आई हीच त्याची परिचारिका. वेळेवर जेवायला येणारे ते हेच का?

दुसरं कलम. १९९३ साली ‘लॅम्ब्डामू’ नावाच्या ऑनलाइन जगात चित्रंही नव्हती, नुसती अक्षरं. तिथे एकानं दुसऱ्यांची पात्रं ताब्यात घेऊन, सगळ्यांच्या देखत, त्यांच्याकडून लैंगिक विटंबनेची कृत्यं करवली. त्याबद्दल लिहिताना त्यातल्या एका पात्रामागच्या, खऱ्या खोलीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून खरी आसवं वाहत होती. आणि हो, एका पात्राच्या मरणानं आठवडाभर सुतकी चेहरा करून हिंडणारे गृहस्थ कोण होते? तेव्हा चित्रं चावली होती वाटतं.

तिसरं कलम, बटण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे खेळण्यावरचा ताबा सुटणं. बटण जागेवर असतं, बोट जात नाही.

एवढ्यावरून मला गेमबंदीवाल्यांच्या पंगतीत बसवू नका. त्यांच्याशी पूर्वी घसा बसेपर्यंत भांडून झालंय. प्रत्येक खेळणारा रोगी नसतो, हे त्याच वर्गीकरणाच्या कडक निकषांवरून दिसतं. माझं म्हणणं साधं आहे. किरितो आणि त्याच गेममध्ये अडकलेली असुना यांचं प्रेम तलवारींच्या जगात जुळलं आणि खाटेवरून उठल्यावरही टिकलं. ते खरं मानून डोळे पुसणाऱ्यांना तिथली इजा खोटी म्हणता येणार नाही. गेमचं जग माणसापर्यंत पोचतं, म्हणून तर आपण त्याचे चाहते. आणि जे पोचतं ते लागतंही.

तेव्हा विद्वान महाशय, मालिका पुन्हा एकदा बघा. या खेपेला तलवारींच्या वेळी डोळे मिटलेत तरी चालेल, सलाइनच्या स्टँडच्या वेळी उघडे ठेवा.