फुकटच्या बोगद्याचा जमाखर्च

सिंदेवाही ही धानाची बाजारपेठ. हंगामात पेढीवरील मोबाईलला क्षणाचीही विश्रांती नसते. शेतकऱ्यांचे सातबारे, बँकेचे खातेक्रमांक, राईस मिलची बिले, घरातील उपवर मुलीचे परिचयपत्रक, सारे त्या एका यंत्रात साठलेले असते. रात्री तोच मोबाईल घरातील मुलाच्या हाती जातो. भारतात बंदी असलेला एखादा खेळ खेळता यावा म्हणून तो एक मोफत व्हीपीएन उतरवून घेतो. 'परवानगी द्या' या शब्दांवर बोट टेकते आणि सौदा पूर्ण होतो. पैसे मोजावे लागले नाहीत, म्हणून सौदा झाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

व्हीपीएन म्हणजे आपला मोबाईल आणि दूरचा एखादा सर्व्हर यांमधील झाकलेला बोगदा. त्यातून काय जाते हे मोबाईल कंपनीला दिसत नाही; बोगद्याच्या मालकाला मात्र बरेच दिसते. बँकेचा पासवर्ड निराळ्या कुलपात असल्याने तो सहसा वाचता येत नाही. परंतु कोणती बँक, कोणते संकेतस्थळ, किती वाजता, किती वेळा, याची नोंद होऊ शकते. अशा नोंदींचे मोल व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

सर्व्हर, वीज, पगार यांचा खर्च कोणी तरी भरतोच. काही प्रतिष्ठित कंपन्या सशुल्क ग्राहकांच्या बळावर मर्यादित मोफत सेवा देतात. इतर अनेकांच्या खतावणीत मात्र ग्राहक हाच माल असतो.

फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेतली. तिचे मोफत व्हीपीएन माहितीचे रक्षण करते असे सांगितले जाई. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. या अपुऱ्या प्रकटीकरणाबद्दल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला.

दुसरे उदाहरण अधिक भयावह आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी '९११ एस५' नावाचे जाळे मोडून काढले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारख्या मोफत सेवा घेणाऱ्यांच्या संगणकांचे इंटरनेट जोड गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. जवळपास २०० देशांतील १ कोटी ९० लाख आयपी पत्ते त्यात गुंतले होते. फसवणूक करणारा दूर कोठे तरी; तपासाची वाट मात्र निरपराध माणसाच्या दारी येणारी.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' आहे: एक माल दाखवून दुसरा देणे. रक्षणाच्या नावाखाली पाळत ठेवणे याच जातीचे. पण दोष केवळ विकणाऱ्याचा म्हणून हात झटकता येत नाहीत. सातबारा देणाऱ्या शेतकऱ्याने तो पेढीच्या विश्वासावर दिलेला असतो. त्याची संमती न घेता त्याची माहिती धोक्यात लोटण्याचा अधिकार पेढीला कोणी दिला?

उपाय साधे आहेत. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएन' शोधून अनोळखी नाव काढून टाकावे, मग महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. स्थानकावरील वा हॉटेलातील वायफायची धास्ती असेल, तर व्यवहारापुरता आपलाच मोबाईल डेटा वापरावा. खरोखरच गरज असेल, तर स्वतंत्र तपासणी झालेली सशुल्क सेवा घ्यावी. पेढीचा मोबाईल खेळासाठी देऊ नये. मुलाला रागावण्यापेक्षा शेजारी बसवून हा जमाखर्च समजावून द्यावा. आर्थिक फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तिजोरीची किल्ली परक्याच्या हाती न देण्याचा पेढीचा जुना शिरस्ता आहे. मोबाईल ही आजची तिजोरी. आणि तिच्यात स्वतःपेक्षा इतरांचीच ठेव अधिक आहे.