मत्स्यबीजाची वंशावळ विचारा

मिहानच्या गोदामांतून पेटी हलावयाची झाली की ती कोठून आली याचा कागद आधी पुढे करावा लागतो. याच मुलखातील तळ्यांत दर पावसाळ्यात मत्स्यबीज सोडले जाते. त्याविषयी मात्र आपण बहुधा दोनच गोष्टी विचारतो, जात कोणती आणि हजारी भाव काय. त्याचे जनक किती व कोठले, हे विचारण्याची रीत पडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोहूची मादी दर किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांचा प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी झाल्यापासून मोजक्या माशांवर सारे बीजकेंद्र चालविता येते. ही सोयच पुष्कळदा घात करते. १० नर व १० माद्या ठेविल्या तर वंशदृष्ट्या ते २० जनक होत. परंतु २ नर व १८ माद्या असल्यास त्यांची किंमत अवघ्या ७ जनकांइतकी उरते, आणि सगोत्र प्रजननाचे प्रमाण एका पिढीत अडीच टक्क्यांऐवजी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुढे वाढ खुंटते, मर होते, आणि दोष पाण्याला किंवा पेंडीला दिला जातो.

भुवनेश्वरच्या संस्थेने ‘जयंती’ रोहू सिद्ध करताना गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज व गोमती या नद्यांतील मासे मुद्दाम एकत्र केले. निवडीने दर पिढीस सुमारे १७ टक्के अधिक वाढ मिळाली ती या विविधतेच्या बळावर.

तथापि दूरचे बीज नदीतही सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. लोणावळ्याच्या केंद्रातील निळ्या परांचा महसीर १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडला गेला. तो तेथे फोफावला, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर नष्ट होण्याच्या बेतास आला. त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ साली! भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचा सांडवाही अखेर ओढ्यानाल्यांतून वैनगंगेकडेच वाहतो.

बीजकेंद्रांनी जनकांची नोंदवही ठेवावी, नर-माद्या समसमान राखाव्यात, आणि ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी ती वही पाहून मगच पैसे मोजावेत. शंका असल्यास माशाच्या पराचा लहानसा तुकडाही वंशपरीक्षेस पुरतो. नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. ही परीक्षा तेथे व्हावी, आणि तिचा खर्च शासनाने सोसावा. तो ढीवरांच्या माथी मारल्यास वहीही कोणी उघडणार नाही.