पंच नसलेला खेळ

"तुला रविवारी नाहीतरी काय काम असतं? ह्याला होडीवर सोडत जा," असं बहिणीनं फर्मावलं आणि माझ्या रविवारच्या झोपेचा निकाल लागला. 'ह्याला' म्हणजे माझ्या भाच्याला. वय वर्षे अकरा. पावसाळा संपल्यावर मुंबई बंदरात मुलांना शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या एका क्लबात त्याचं नाव घातलं होतं. माझं समुद्राशी नातं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापुरतं. तरी गेले काही महिने डबा, पाण्याची बाटली आणि कोरडे कपडे सांभाळत मी धक्क्यावर बसतो आहे. आणि बसून बसून माणूस किती वर्तमानपत्रं वाचणार? म्हणून मी शर्यतीच्या नियमांचं पुस्तक वाचायला घेतलं.

हे नियम 'वर्ल्ड सेलिंग' ही जागतिक संघटना ठरवते आणि दर चार वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती निघते. सध्याची २०२५ ते २०२८ सालांची. पुस्तक उघडताच मी थबकलो. सुरुवातीलाच म्हटलं आहे की नियम पाळायचे खेळाडूंनी आणि पाळले जातात की नाही हेही बघायचं खेळाडूंनीच. ज्याच्याकडून नियम मोडला त्यानं आपण होऊन लगेच शिक्षा घ्यायची. वेळ पडली तर शर्यत सोडायची. काही मोठ्या शर्यतींत पंच होडीतून मागे फिरतात, ते वेगळं. पण एरवी शिट्टी नाही, लाल कार्ड नाही. क्रिकेटमध्ये बॅटीची कड लागलेली असूनही पंचांकडे निरागस चेहऱ्यानं पाहणारे फलंदाज बघत मोठे झालेले आपण! मला हे जरा साधूंचंच काम वाटलं.

नवख्याला मुळात पुरतात ते तीन नियम. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी नागमोडी चढते. त्यामुळे होड्या सारख्या एकमेकींना आडव्या येतात. अशा वेळी वारा जिच्या डाव्या अंगावरून येतो तिनं, वारा उजव्या अंगावरून घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. उजव्या वाऱ्याची होडी ती 'स्टारबोर्ड', डाव्या वाऱ्याची ती 'पोर्ट'. भर समुद्रात दहा-बारा वर्षांची पोरं "स्टारबोर्ड!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडतात ते यासाठी. आमच्या भाच्यानं शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्यावर उजव्या अंगाला 'चल' आणि डाव्या अंगाला 'थांब' असं रंगवून ठेवलं आहे. तो ज्या बाजूला बसतो ती पाटी त्याला दिसते. मोठमोठ्या सायबांना उमगत नाही ते ट्रॅफिकचं तत्त्व दोन शब्दांत!

दोघांचा वारा एकाच अंगावरून असेल आणि होड्या बाजूबाजूला असतील, तर वाऱ्याकडच्या होडीनं पलीकडच्या होडीपासून दूर राहायचं. वाऱ्याकडच्या होडीचं शीड पलीकडचीचा वारा खातं. म्हणजे ज्याच्या हाती वारा आधीच आहे, सांभाळून घेण्याचं काम त्याचं. आणि तिसरा नियम, मागून येणाऱ्यानं पुढच्याला धडकायचं नाही. हा तर मला आमच्या घोडबंदर रोडवर पाट्या करून लावावासा वाटतो.

गंमत अशी की, यांतला एकही नियम 'अमक्याचा हक्क आहे' असं म्हणत नाही. 'अमक्यानं दूर राहावं' असंच प्रत्येक ठिकाणी आहे. शिवाय ज्याला वाट मिळायची, त्यानंही शक्य असेल तर टक्कर टाळलीच पाहिजे. 'माझी बाजू बरोबर होती' म्हणून दुसऱ्याच्या होडीत नाक घुसवायची सोय नाही.

बाकीचं मग ओघानं येतं. सुरुवातीची रेषा पाण्यावर आखता येत नाही, ती एक नांगरलेली होडी आणि एक बोया यांच्यामध्ये मनानं धरायची. पाच मिनिटं आधी भोंगा आणि झेंडा, चार मिनिटं उरता दुसरा झेंडा, एक मिनिट उरता तो खाली, आणि मग सुटायचं. होडीला ब्रेक नसतो. सगळी पोरं त्या रेषेमागे घिरट्या घालत क्षण साधू बघतात. लवकर ओलांडली तर मागे येऊन पुन्हा निघायचं. वळणाच्या बोयाला स्पर्श झाला तर जागच्या जागी एक पूर्ण गिरकी. दुसऱ्या होडीचा नियम मोडला तर दोन. गिरकी घेताना चार-पाच जण सहज पुढे निघून जातात. हरकत घ्यायची असेल तर "प्रोटेस्ट" असं ओरडून सांगायचं, मोठ्या होडीनं लाल झेंडाही लावायचा, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर टेबलावर इटुकल्या होड्या मांडून सुनावणी. दोन्ही बाजू समोरासमोर, साक्षीदारांसह.

मला विशेष आवडलेला एक नियम पालकांसाठीच केला असावा असं वाटतं. शर्यत चालू असताना बाहेरच्या कुणी मदत करायची नाही. मोटरबोटीतून शर्यत बघायला गेलेले बाबा "अरे डावीकडे घे!" म्हणून ओरडू शकत नाहीत. परीक्षेच्या खिडकीखाली उभं राहायची सवय असलेल्या आपल्या पिढीला हे फार जड जातं. मी स्वतः दोनदा तोंडावर हात ठेवून बसलो आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते सांगतो. जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी मुलांची स्पर्धा होती. २२ होड्या, सगळ्या 'ऑप्टिमिस्ट' जातीच्या: पावणेआठ फुटांची पेटीसारखी होडी, एकच शीड, एकच मूल. शनिवारच्या तिसऱ्या शर्यतीत हा पाचवा आला. मी खूश, मोबाइलवरून बहिणीला बातमीही दिली. परतताना लोकलमध्ये भायखळ्याच्या आसपास तो हळूच म्हणाला, "मामा, माझी होडी बोयाला घासली होती. मी गिरकी नाही घेतली. कुणी बघितलं नाही."

मी काय म्हणालो असेन? इतकं पुस्तक वाचलेला मी? "जाऊ दे रे," म्हणालो. "नुसतं घासलं ना?" वर त्याला वडापाव घेऊन दिला. घरी भाऊजी म्हणाले, "आणि इतरांचं घासलं नसेल कशावरून?" जेवताना पोरगा गप्प होता.

भाऊजींचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. इतकं सरळ राहिलेलं पोर उद्या रांगेत मागेच राहणार, ही भीती मराठी घराघरांत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. पण या खेळात सरळपणा म्हणजे हरण्याची तयारी, असं मला दिसलं नाही. १९८८ साली सोल ऑलिंपिकच्या शिडांच्या शर्यती बुसानला झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेमियो दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा भणाणलेला, दुसऱ्या शर्यतीतल्या सिंगापूरच्या दोघांची होडी उलटलेली. त्यानं शर्यत सोडून त्यांना पाण्याबाहेर काढलं, मदतीची बोट येईपर्यंत थांबला आणि मग मागून येऊन शर्यत पुरी केली. संकटातल्या माणसाला मदत करणं हा या पुस्तकातला पहिलाच नियम आहे. त्याला त्या शर्यतीचा दुसरा क्रमांक बहाल झाला, पुढे कुबर्टिन पदकही मिळालं.

"श्रीमंतांचे चोचले" हा दुसरा आक्षेप. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावावर. आपल्याकडे तर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत खाड्याच खाड्या, आणि खारा वारा व मतलई वारा घड्याळासारखा ओळखणारे नाखवे आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी कितीजणांच्या हाती अशी होडी येते? जिल्हा परिषदेच्या दोन-चार शाळांना मिळून एक होडी, इतकंही अजून आपल्याला सुचलेलं नाही.

रविवारी सकाळी क्लबात पोचलो आणि पोरगा माझा हात सोडून सरळ प्रशिक्षकांकडे गेला. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "ऑफिस तिकडे आहे." तो गेला, कागदावर स्वतःच्या हातानं लिहून आला की कालच्या तिसऱ्या शर्यतीतून आपण माघार घेतली आहे. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. माघार घेणाऱ्याला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे २३. सर्वांत वाईट एक शर्यत वगळतात. पहिल्या शर्यतीत शीड नीट न बांधल्यामुळे तो अठरावा आला होता आणि ती वगळायचा त्याचा बेत होता. आता २३ वगळायचे आणि पाचाच्या जागी १८ धरायचे. तेरा गुणांचा फटका. मी पेन काढून दोनदा हिशेब केला. त्यानं केला नाही.

संध्याकाळी भाऊजींनी विचारलं, "कितवा?" "चौदावा," तो म्हणाला आणि भात मागून घेतला. तेरा गुणांचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल तेव्हा कळेल.