३१ मार्च : वहीत नाव कोणाचं?

मैत्रिणींनो, मार्चअखेर आली की आपल्या घराचं वेळापत्रक पार कोलमडतं, नाही का? ‘क्लोजिंग’ म्हणून घरची माणसं रात्री उशिरा येतात, आमटी दोनदा गरम करावी लागते आणि वर आपल्यालाच विचारणा होते, “अगं, ती विम्याची पावती कुठे ठेवलीस?” जशी काही सगळी पावती-पुस्तकं आपल्याच पदराला बांधलेली! १ एप्रिल ते ३१ मार्च हे सरकारी वर्ष आपल्याकडे १८६७ सालापासून चालत आलंय. त्याआधी ते १ मेला सुरू व्हायचं. थोडक्यात, हा हिशेबाचा दिवस चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे.

हिशेबावरून मला माझी मावशी आठवते. चाळीस वर्षं तिनं घरखर्चाची वही लिहिली. दूध, भाजी, रॉकेल, मुलांच्या फिया, पाहुण्यांचा आहेर, सगळं पैन् पैचं. काका अचानक गेले. तेराव्यानंतर भाऊ तिला बँकेत घेऊन गेला. तिथला माणूस भला होता. त्यानं पासबुक चाळलं आणि हळूच म्हणाला, “मावशी, यात तुमचं नाव कुठेच नाही हो.” घराच्या कागदावर नाही, विम्यावर नाही. काकांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. नुसतं राहून गेलं होतं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “सगळं मीच लिहीत होते गं, आणि माझंच नाव लिहायचं राहिलं.”

म्हणून या वेळी ३१ मार्च या तारखेची जुनी पानं उलटताना मी एकच गोष्ट शोधत गेले, की वहीत नाव कोणाचं? बघा काय काय सापडलं ते!

सगळ्यात जुनं पान १७७६ सालचं, अमेरिकेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावात ॲबिगेल ॲडम्स ही एकतीस वर्षांची गृहिणी चार मुलं आणि शेतीवाडी एकटीनं सांभाळत होती. नवरा जॉन ॲडम्स फिलाडेल्फियाला, देश स्वतंत्र करण्याच्या खटपटीत. लढाईमुळे बाजारात साध्या टाचण्यासुद्धा मिळेनात, तेव्हा हिनं नवऱ्याला पत्रातून टाचण्या पाठवायला सांगितलं होतं. आहे की नाही अगदी आपल्यासारखी? तर त्या ३१ मार्चला तिनं नवऱ्याला लिहिलं की, नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. जॉनसाहेबांना ती मागणी वाचून हसू आलं होतं! पुढे ते अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. बायकांना मताचा हक्क मिळायला मात्र १९२० साल उजाडलं. म्हणजे पत्रानंतर तब्बल १४४ वर्षं.

पण ॲबिगेल रुसून बसणारी नव्हती. नवरा युरोपात असताना त्यानं पाठवलेलं कापड, रुमाल असं सामान विकून तिनं पैसा उभा केला आणि तो सरकारी रोख्यांत गुंतवला. त्या काळच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याचीच. तरीही हा पैसा आपला, असं ती ठामपणे मानायची. १८१६ साली तिनं चक्क मृत्युपत्र केलं, आणि आपली पुंजी बहुतेक सगळी नाती, भाच्या, घरातल्या कामकरणी अशा बायकांनाच वाटून दिली. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाला किंमत नव्हती. दोन वर्षांनी ती गेली, आणि मागे राहिलेल्या जॉननं त्यातला शब्द न् शब्द पाळला. चाळीस वर्षांपूर्वी हसला होता तो हाच नवरा बरं का!

आता आपल्याकडे या. ३१ मार्च १८६५ रोजी एका मुलीचा जन्म झाला. कल्याणच्या जोशी घराण्यातली, नाव यमुना. १८७४ साली नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठा. बोहल्यावर ‘यमुना’ पुसलं गेलं आणि ‘आनंदी’ लिहिलं गेलं. होय, आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी! आपल्यापैकी कितीजणींचं नाव असंच तांदळाच्या ताटात बदललं असेल. कुणाला ते आवडलं असेल, कुणी मुकाट्यानं मान डोलावली असेल. विचारलं मात्र कुणालाच नसेल.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळती तर, हे शल्य त्यांच्या मनात राहिलं. १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या हो, भर सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं की या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि त्यासाठी मी अमेरिकेला जाते आहे. वय वर्षं अठरासुद्धा पुरं नव्हतं! एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या. तिकडे मिसेस कार्पेंटर या बाईनं त्यांना पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एका रोग्याची नाडीसुद्धा त्या पदावरून त्यांना बघता आली नाही. त्यांची रक्षा मिसेस कार्पेंटरकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही ‘जोशी’ हे त्यांचं नाव दिलेलं आहे. ज्या मुलीचं नाव बोहल्यावर पुसलं, तिचं नाव आकाशात लिहिलं गेलं!

ही यमुना दोन वर्षांची झाली त्याच दिवशी, ३१ मार्च १८६७ रोजी, मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. त्यात पुढाकार होता डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचा. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेत शिकून आलेली. १८७८ साली विलायतेला जाण्याआधी रवींद्रनाथ टागोर मुंबईला यांच्या घरी राहिले, आणि त्यांच्या इंग्रजी संभाषणाचा सराव घेतला तो या अन्नपूर्णाबाईंनी. जगाला माहीत झालं ते विद्यार्थ्याचं नाव. गुरूचं नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं?

आता जरा पॅरिसला जाऊ या. ३१ मार्च १८८९ रोजी गुस्ताव्ह आयफेलनं आपल्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकावर फ्रान्सचा झेंडा फडकवला. लिफ्ट तेव्हा सुरू झालेली नव्हती, सगळी मंडळी जिना चढून वर गेली. ३०० मीटर उंची! त्या मनोऱ्याच्या पहिल्या मजल्याच्या खाली चारी बाजूंनी ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनियरांची नावं कोरली आहेत. मोजून ७२, आणि बाई एकही नाही. सोफी जर्मेन नावाची एक फ्रेंच गणितज्ञ होऊन गेली. धातूचे पत्रे कसे कंप पावतात, याचं गणित मांडून तिनं १८१६ साली पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक मिळवलं होतं. लवचिकतेच्या शास्त्राला तिनं हातभार लावला, आणि लोखंडाच्या त्या मनोऱ्यावर तिच्याच नावाला जागा नव्हती. अलीकडे शास्त्रज्ञ स्त्रियांची नावंही तिथे लावण्याचा विचार पॅरिसमध्ये पुढे आला आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांनी का होईना, वही कुणीतरी पुन्हा तपासायला घेतली म्हणायची!

आणि एक हळवं पान. ३१ मार्च १९७२ रोजी मीनाकुमारी गेली. ‘पाकिजा’ पडद्यावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिचं खरं नाव महजबीन. लहानपणापासून कमावून घर चालवलं ते ‘मीना’ या नावानं, आणि कविता लिहिल्या त्या ‘नाझ’ या नावानं. स्वतःसाठी म्हणून निवडलेलं नाव तेवढं एकच असावं, असं मला उगीच वाटतं.

तर मैत्रिणींनो, ही झाली तारखेची गोष्ट. आता आपली. या ३१ मार्चला घरात कागदांचा पसारा निघणारच आहे, तो परत कपाटात जाण्याआधी तासभर त्याच्याजवळ बसा. बँकेचं खातं जोडनावावर आहे का, आणि दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं त्यावर लिहिलंय का, ते पाहा. ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांवर वारस म्हणून कोणाचं नाव आहे? पुष्कळदा लग्नाआधी लावलेलं सासूबाईंचं नाव तसंच राहिलेलं असतं! आणि एक लक्षात ठेवा. नॉमिनी म्हणजे दरवेळी मालकच असं नव्हे. बहुतेक वेळा तो नुसते पैसे ताब्यात घेतो, वाटणी होते ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे. म्हणून दोघांनीही साधं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र करून ठेवावं. त्यात अशुभ काही नाही.

नवा विमा उतरवणार असाल तर आणखी एक विचारा. आनंदीबाईंचं लग्न झालं त्याच १८७४ साली ‘विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा’ झाला. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्यानं स्वतःचा विमा बायकोमुलांच्या नावे केला, तर ती रक्कम त्यांचीच राहते. एरवी नवऱ्याच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. मात्र हे विमा घेतानाच सांगावं लागतं.

“यांना विचारू कसं? काय वाटेल?” असं मनात येईल. सरळ विचारा. आमटी वाढताना विचारा, हवं तर ॲबिगेलची गोष्ट सांगून विचारा. हसले तर हसू द्या. जॉनही हसलाच होता की!

मावशीचं सगळं मार्गी लागायला दीड वर्ष लागलं. आता ती दर ३१ मार्चला लोखंडी कपाट उघडते, सुनेला शेजारी बसवते आणि एकेक कागद तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. घरखर्चाची वही अजून चालूच आहे. फरक एवढाच, की पहिल्या पानावर, श्री लिहितात त्याच्या खाली, तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलंय. माहेरचंसुद्धा.