सावित्रीच्या हातातील कुऱ्हाड

परळी वैजनाथच्या परिसरातच सावित्रीने यमाकडून पतीचे प्राण परत मिळवले, अशी स्थानिक परंपरा आहे, आणि ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांना ती कथा तोंडपाठ असते. परंतु तिचा जो अंश मला सर्वाधिक मोलाचा वाटतो, तो व्रताच्या पोथीत सहसा येत नाही. महाभारताच्या वनपर्वात यम निघून गेल्यानंतर सत्यवान जागा होतो खरा, पण त्याच्या अंगात त्राण नसते, रात्र पडलेली असते आणि आश्रम दूर असतो. तेव्हा सावित्री फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवून ठेवते, लाकूडतोडीची कुऱ्हाड स्वतः उचलते, पतीचा डावा हात आपल्या खांद्यावर घेते आणि उजव्या हाताने त्याला सावरीत, त्याच्याच चालीने चालत, अंधारातून घराकडे निघते. शंभर पुत्रांचा वर तिने त्याच संध्याकाळी मागून घेतलेला असतो. तरीही त्या रात्री तिच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की, या थकलेल्या माणसाला जपून घरी कसे न्यावे.

याच मुलखात आज कुऱ्हाडीच्या जागी ऊसतोडीचा कोयता आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर अशक्त होऊन बसलेली व्यक्ती बहुधा स्त्री असते. भूमिकांची अशी अदलाबदल झाली की आपली कथा अडते, कारण पुरुषाने बायकोचे ओझे आपल्या हाती घ्यावे असे सांगणारे एकही व्रत आपल्या पंचांगात नाही.

कोयता हा शब्द ऊसतोडीच्या व्यवहारात केवळ हत्याराचा वाचक नाही. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको ही दोन माणसे म्हणून लिहिली जातच नाहीत. दोघे मिळून एक कोयता होतो, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, करार कोयत्याचा होतो आणि वसुलीही कोयत्याकडूनच होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या खेड्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणाऱ्या टोळ्यांत जी बाई आजारपणाने एक दिवस कोपीत पडून राहते, तिच्या नावे खाडा लागतो, आणि तो खाडा दोघांच्या हिशेबातून कापला जातो. तो दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत जाई, हे २०१९ मध्ये वृत्तपत्रांनी पुढे आणले. दोन देहांचे एक हत्यार करून टाकणाऱ्या या जमाखर्चात विश्रांती ही तूट ठरते, आणि तूट कोणाच्याही घराला परवडत नाही.

त्याचा परिणाम आपण सर्वांनी पाहिला आहे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या काळात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे ढोबळमानाने दर सहा जणींमागे एक. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने तुलना जपून करावी लागते, तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते, एवढे सांगितले तरी पुरे. ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द इथल्या बाया दात काढल्याच्या सहजतेने उच्चारतात. पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणे, ओटीपोटातली कळ यांवर उपचार घ्यायचा तर दवाखान्याच्या फेऱ्या आणि मागाहून आराम आला. त्यापेक्षा अवयवच नको, हा हिशेब डॉक्टर, मुकादम आणि घर या तिघांनी मिळून मान्य केला, आणि त्या बाईचे मत त्यात चौथे राहिले. पुढे जिल्हा प्रशासनाने अशा शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक केली, हे योग्यच झाले. पण ती परवानगी फक्त काढण्याची. जिची पिशवी राखली, तिला पुढे जपायचे कोणी, हा प्रश्न त्या हुकुमाच्या कक्षेत येत नाही.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक तरुणी मी जिल्ह्यातील एका दवाखान्यात पाहिली. लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल नाही, आणि गर्भाशयात मोसंबीएवढी गाठ. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून गाठ काढली आणि गर्भाशय राखले. घरी सोडताना त्यांनी समजावून सांगितले की, कातडीवरचे टाके लवकर सुकले तरी आतले स्नायू जुळायला अवधी लागतो. निदान सहा आठवडे जड काही उचलायचे नाही, आणि अर्धे वर्ष तरी दिवस जाऊ द्यायचे नाहीत, कारण कच्च्या व्रणावर वाढता गर्भ भार टाकतो आणि तो व्रण फाटला तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. सासूबाईंनी लगेच विचारले, “मंग लेकराचं कसं?” नवरा मात्र बोटांवर काही मोजत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “म्हंजी सहा बाजार होईस्तोर हंडा उचलू द्यायचा नाही, आसंच ना मॅडम?”

आठवडे न मोजता आठवडी बाजार मोजणारा तो माणूस मला फार आवडला. त्याने वैद्यकाची सूचना आपल्या पंचांगात उतरवून घेतली होती, आणि त्यात हंड्याचा उल्लेख होता, म्हणजे घरात पाणी कोण भरते हे त्याला ठाऊक होते. अडचण अशी की सहा बाजार दसऱ्याच्या आसपास संपत होते आणि अर्धे वर्ष ऐन हंगामात. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या बाईला ‘जड उचलू नका’ असे लिहून दिलेला कागद फडावर कोणी वाचत नाही.

सगळा दोष मुकादमावर टाकून मोकळे होणेही मला मंजूर नाही. बायकोची शस्त्रक्रिया झाली की तिला माहेरी पाठवण्याची आपली रीत वरकरणी मायेची आहे. परंतु त्या रीतीमुळे नवऱ्याची शुश्रूषा एसटी स्टँडापर्यंतच राहते, आणि पुढचे सारे तिच्या आईच्या आणि भावजयीच्या अंगावर पडते. दोन महिन्यांनी ती परत येते ती ‘बरी होऊन’, जणू दुरुस्तीला दिलेली वस्तू. आणि मग त्याच आठवड्यात ‘गोड बातमी’ची विचारणा सुरू होते. (ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, तिथे ती बातमी कोणत्या जातीची अपेक्षित असते, हे वेगळे सांगायला नको.) मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, त्याची तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे, तरीही घरातल्या बाईचे पोट आधी उघडले जाते आणि नवऱ्याचा नमुना तपासायची वेळ येते ती सर्वांत शेवटी, आली तर. ज्याला अपत्य हवे आहे त्याने ही तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. माझ्या मते तो शुश्रूषेचाच आरंभ होय.

कायद्याचे दफ्तर उघडले तर काय दिसते? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवडे, नसबंदीनंतर दोन आठवडे आणि, २०१७ च्या दुरुस्तीपासून, बाळंतपणासाठी २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा दिली; केंद्र सरकारी पित्याला मूल झाल्यावर १५ दिवस मिळतात. उसाच्या फडात यांतले काहीच पोहोचत नाही, आणि पत्नीच्या टाक्यांजवळ बसण्यासाठी मजूर नवऱ्याला रजा द्यावी अशी कल्पना तर कोणत्याच कलमाला सुचलेली नाही.

इथेच मला एक सूचना करायची आहे. मुकादमाची वही जर दोघांना एक कोयता मानते, तर आजारपणही कोयत्याचेच मानावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तितकाच वाटा शासनाचा, असे सूत्र ठरलेले आहे. त्या निधीतून शस्त्रक्रिया झालेल्या जोडप्याला वैद्यकीय दाखल्यातील मुदतीपुरती दोघांची मजुरी द्यावी, दाखल्यावर दोघांची नावे असावीत, आणि त्या मुदतीत उचलीची वसुली बिनव्याजी तहकूब राहावी. खोटे दाखले निघतील ही शंका रास्त आहे. पण गर्भाशय काढण्याची परवानगी ज्या शल्यचिकित्सकांच्या दफ्तरातून निघते, तिथूनच विश्रांतीच्या दाखल्यावर शिक्का मारून घेता येईल. नवरा ते दिवस गावात पत्त्यांच्या डावावर घालवील, असेही कोणी म्हणेल. काही जण घालवतीलही. पण बायकोजवळ थांबण्याची मुभाच ज्याला आजवर मिळाली नाही, त्याची परीक्षा आपण कशाच्या आधारावर घेणार?

बाजार मोजणाऱ्या त्या नवऱ्याची चौकशी मी मागाहून केली. त्याने त्या वर्षी उचल घेतली नाही. गावातच मिळेल त्या रोजंदारीवर गेला, आणि हंडा तोच भरत होता. उचल न घेण्याची किंमत त्याने दुकानदाराच्या उधारीत मोजली, आणि ती किंमत दर घराला झेपणारी नाही. मुकादमांचे करार दसऱ्याच्या कितीतरी आधी होऊन जातात. महामंडळाला या बाबतीत काही ठरवायचे असेल, तर ते त्यापूर्वी ठरवावे.